पितळी डब्यातला उपवास

"शेजारणीचं भांडं आलं तर रिकामं परत करायचं न्हाय. घरात काय नसलं तर साखरंचे चार दाणे टाक, पर रिकामं न्हाय."

आमच्या सासूबाईंना, अक्काबाईंना, जाऊन बरीच वर्षं झाली. तरी ओट्यावर दुसऱ्याची वाटी दिसली की हा आवाज माझ्या कानात घुमतोच. तशी मी नेमाची बाई आहे. गुरुवार, एकादशी, आणि संकष्टीला सूर्योदयापासून चंद्रोदयापर्यंत मौन. मौन म्हणजे अगदी पुरतं. हातवारे नाहीत, मानसुद्धा हलवायची नाही. "मान हलली म्हंजी जीभच हलली," असं अक्काबाई म्हणायच्या. वर्षातले सगळे सण एकीकडे आणि संकष्टी एकीकडे, असं आमच्या ह्यांचं मत आहे.

तर अशा माझ्याकडे एका परदेशी बाईला बारामतीकर करायचं काम चालून आलं. मी मनाशी म्हटलं, वर्षभरात हिला अशी तयार करीन की हिच्या हातची भाकरी बघून लोक हिचं माहेर इंदापुरात शोधतील.

मार्ता पोलंडची. एमआयडीसीत दूध पावडरच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आली, आमच्या माडीवर भाड्याने राहिली, आणि यंत्रं बसली तशी तीही बसली. सकाळी मोटरसायकल काढायची, हेल्मेटखालून पिवळी वेणी सोडून निघायची. मराठी माझ्याकडेच शिकली. रिकाम्या भांड्याचा नियम तर तिने असा धरला की मी चटणीची वाटी दिली तर बिटाचं सार भरून यायची, साराची वाटी मी लाडू घालून पाठवायची, ती लाडवाच्या वाटीत लोणच्याच्या काकड्या. थांबायचं कुणी, हे अक्काबाईंनी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात आमची अशी एकच वाटी उरली होती आणि ती ह्यांनी दाढीसाठी लपवून ठेवली होती.

एके दिवशी ती म्हणाली, "काकू, मी आता जात नाही. मी इथे घर घेते."

आमच्या भिंतीला भिंत लागून साहेबराव तात्यांचं घर रिकामं होतं. परवानग्यांचं कारखान्याच्या वकिलाने निस्तरलं. उरले तात्या. तात्या शेळगावचे, पेरूची मोठी बाग, गळ्यात तुळशीची माळ. मांसमच्छीचा विषय निघाला तरी उठून चूळ भरून येणारा माणूस. त्यांनी एकच अट घातली.

"कागद वकील बघंल. माणूस अंजलीवहिनी बघतील. भिंत त्यांच्या शेजारची हाय. त्या व्हय म्हणल्या की माझं व्हय."

म्हणजे परदेशातून आलेल्या बाईचं घर माझ्या एका शब्दावर. मी मार्ताला म्हटलं, "झालंच म्हणून समज. आणि ऐक, नव्या घरात पहिल्या दिवशी चूल पेटवायची नाही. पहिलं ताट शेजारणीने द्यायचं, ही आमच्या सासूबाईंची रीत. तू म्हणशील ते ताट मी आणीन. शब्द दिला."

"मी म्हणेन ते?"

"अगदी ते."

इथे मी जरा थांबायला हवं होतं.

एकादशीला मी अक्काबाईंच्या पितळी डब्यातून तिला साबुदाण्याची खिचडी दिली होती. "उपवासाचं आहे, खा," एवढंच म्हटलं. तो डबा परत आला नेमका कार्तिकातल्या संकष्टीला, दुपारी. मी मौनात. मार्ताने डबा दोन्ही हातांनी पुढे केला.

"काकू, आज तुमचा उपवास. मी उपवासाचं केलं. माझी आई करते तसंच."

बोलता येत नव्हतं, पण डोळे भरून आले. कुठली कोण पोरगी, आणि माझी संकष्टी लक्षात ठेवते. मी डबा तसाच, झाकणही न उघडता, देवघरात गणपतीपुढे ठेवला. चंद्र उगवला की नैवेद्य दाखवून तिच्याच हातचं खाऊन उपवास सोडू.

थोड्या वेळाने गल्लीतला बोका देवघराच्या दाराशी येऊन बसला. डोळे मिटून, पंजे जुळवून. मला वाटलं, जनावराला कळतं. मग शेजारची मांजर आली. मग तिची पिल्लं. एवढी भक्ती मात्र मला खटकली.

हे पेपर टाकून आत आले, हवेत एकदा नाक फिरवलं आणि म्हणाले, "चिलापी. भिगवणची. कांद्यावर परतलेली, पण हळद कमी पडली."

जन्मभर वरण-भात जेवलेल्या माणसाला हे कसं कळलं, हे मौनामुळे मला विचारता आलं नाही. मी झाकण उघडलं. आत खरंच मासे, वर लिंबाची चकती, आणि समोर बाप्पा!

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. "रविंद्रराव, हाय का घरात?" साहेबराव तात्या.

मी झाकण लावलं आणि डबा पदराखाली घेतला. तात्या सोफ्यावर टेकले. मी भिंतीला पाठ लावून उभी, आणि बोका माझ्या पायांशी अंग घासत फेऱ्या मारतोय.

"वहिनी, साठेखत उद्या करायचं म्हणतोय. पर तुमचं एकदा ऐकावं म्हटलं. मार्ताबाई शेजारी चालतील न्हवं?"

मी गप्प.

"अहो तात्या, तिची संकष्टी आहे," हे म्हणाले.

"मग मान हलवा की."

मान हलवायची नाही. डबा गरम होता, तो पोटाला चटके देत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

तात्यांचा आवाज एकदम खाली गेला. "आसं हाय व्हय. रविंद्रराव, वहिनींच्या डोळ्यात पाणी हाय. त्या बाईनं काय तरी दुखवलंय ह्यास्नी. मौन हाय म्हणून सांगता येईना."

"तसं काही नाही हो," असं म्हणताना हे बोक्याकडे बघत होते, त्यामुळे ते कुणालाच खरं वाटलं नाही.

"माझं घर पडून ऱ्हाईल, पर ह्या माउलीला तरास नको," असं म्हणून तात्या उठले. दारात मार्ता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मला तोंड मिटून ठेवायचं होतं, तिला ते रागाने मिटलेलं दिसलं.

"काकू, मी चूक केली," ती हळूच म्हणाली. "मी पुण्यात घर बघते."

आणि जिना चढून गेली. वर बॅग ओढल्याचा आवाज झाला. खाली तात्यांनी स्कूटरला किक मारली. पहिली लागली नाही. दुसरीही नाही.

मी चंद्राची वाट किती वेळ पाहणार होते? मी अंगणात गेले आणि म्हणाले, "तात्या, व्हय."

हे दारातून म्हणाले, "आज चंद्र दुपारीच उगवला."

"काय व्हय, वहिनी?" तात्यांनी स्कूटर स्टँडला लावली.

"मार्ता शेजारी व्हय."

"मग डोळ्यात पाणी?"

उपवासाच्या दिवशी खोटं बोलायचं नाही. एक नेम तर मोडलाच होता. मी पदराखालून डबा काढून पायरीवर ठेवला. "डबा गरम होता. आणि ह्यात मासे आहेत. तिने माझ्या उपवासाला केले."

तात्या नळावर गेले, चूळ भरली, परत आले. "उपासाला? मासं?"

मार्ता जिन्यात येऊन उभी राहिली होती. "आमच्याकडे उपवासाला मांस चालत नाही. मासा चालतो. नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही दिवसभर काही खात नाही, आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत. मग मासा खाऊन सोडतो. म्हणून मला वाटलं..."

तात्यांनी माळेचे मणी चाचपले.

"चांदणी दिसंपर्यंत खात न्हाईस?"

"नाही."

"पाणी?"

"पाणी पिते."

"ह्या वहिनी चंद्रावर थांबत्यात, तू चांदणीवर. आभाळ बघून जेवणारी माणसं तुमी दोघी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् तुमी मौन मोडलं हिच्यासाठी?"

मी मौन जिथे मोडलं तिथूनच परत सुरू केलं होतं.

"उद्या साठेखत," तात्या म्हणाले. "फकस्त तो डबा आदी लांब न्या."

डबा न्यायची वेळ आली नाही. बोक्याने तो कधीच पायरीवर आडवा केला होता.

खरेदीखत झालं आणि घराची किल्ली मिळायची होती डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी पहाटेच लक्ष्मीचा कलश मांडला, आरती केली. खाली येऊन मार्ता दारात उभी राहिली.

"काकू, पहिलं ताट. मी म्हणेन ते?"

मला तेव्हाच समजलं. "बोल."

"चिलापी. त्या दिवशी बोक्याशिवाय कुणी खाल्लीच नाही."

मी पितळी डबा घासून घेतला. मार्तासाठी भिगवणहून तळूनच आणायची होती. शब्द मी दिला होता, माझ्या कढईने नव्हे. गल्ली जागी व्हायच्या आत एसटी गाठावी म्हणून चपला घातल्या, तर हे दारात. कापडी पिशवी पुढे करत म्हणाले, "भिगवणच्या स्टँडवरून सरळ जा. तानूबाईची खानावळ विचार. रविंद्ररावांनी पाठवलंय म्हण, ती हळद बरोबर घालते."

गुरुवारी मी कुणाला काही विचारत नाही. डब्यात गुळाचा एक खडा टाकला, कारण तानूबाईकडेही रिकामं भांडं न्यायचं नाही, आणि पदर डोक्यावरून घेऊन मी स्टँडची वाट धरली.