ट्यूबलाइटमागची पाल

नातवासाठी मुलगी पाहायला मी स्वतः जायचे ठरवले. याआधी दोन ठिकाणी मुलीकडूनच नकार आला होता, आणि ही मुलगी भुपेंद्रच्या मनात भरली होती. बायोडाटा कोणीही लिहितो. माणूस तोंडावरून ओळखावा.

"मी बी येतो," बायको आनंदाबाई म्हणाली.

"कायले? माझे डोळे शाबूत आहेत."

भुपेंद्रला घेऊन मुलीच्या गावी, सानगडीला, पोचलो. पोहे आले. मुलगी, राखी, समोर येऊन बसली. मी मान वर केली आणि तिच्या डोक्यावर, ट्यूबलाइटमागून, पाल निघाली.

(वाघाला मी भीत नाही. वाघ भिंतीवर चढत नाही.)

मग त्या खोलीत मला दुसरे तोंडच दिसेना.

"शेती कोणीकडं आहे जी तुमची?" मुलीचे वडील मधुकरराव विचारत होते.

"ट्यूबलाइटच्या मांगं."

भुपेंद्रने कोपर मारले. मधुकररावांनी वर पाहिले आणि ओशाळले. "भिंत रंगवून घेतो जी लग्नाच्या आंधी."

पाल सरकली. माझी नजरही सरकली. पाल दाराच्या चौकटीवर थांबली. खाली दारात कोणी बाई उभी होती. तिने पदर सावरला.

"पाहुणे," मधुकररावांचा आवाज बदलला, "पोरगी इकडं आहे."

तेवढ्यात पाल खाली पडली आणि थेट माझ्याकडे धावली. मी खुर्चीवर चढलो (कसा, ते गुडघ्यांना विचारा). कोणीतरी झाडू घेऊन पुढे आली आणि एका फटक्यात पाल अंगणात लोटली.

माझा ऊर भरून आला. सून असावी तर अशी! खाली उतरलो, पिशवीतला नारळ काढून तिच्या हातात ठेवला.

"पसंत आहे! सोयरीक पक्की!"

भुपेंद्रने माझी बाही ओढली.

"आबाजी," भुपेंद्र दबक्या आवाजात म्हणाला, "हे राखीची माय होय."

घरी आलो.

"पोरगी दिसाले कशी आहे?" आनंदाबाईने विचारले.

"थकलो मी," म्हणालो आणि न जेवता आडवा झालो. तिसरी सोयरीकही गेली होती.

सकाळी राखीचाच फोन आला. रात्रीच भुपेंद्रकडून सगळे ऐकलेल्या आनंदाबाईने तो स्पीकरवर टाकला.

"आजी, माझा होकार आहे."

"काहून वं माय? एवढं होऊन?"

"लोक सांगत होते, आबाजी लय कडक आहेत, घरात कोणाले बोलू देत नाहीत. भेव वाटत होतं. आता नाही वाटत."

आनंदाबाईने माझ्याकडे पाहिले.

"नशीब तुझं," ती म्हणाली. "तुले एका बैठकीतच समजलं. मले दोन लेकरं झाल्यावर समजलं होतं."