तीनशेचारची बादली

जानेवारीतल्या एका सकाळी बेल वाजली. दारात स्वेटर आणि मफलर घातलेले एक म्हातारे गृहस्थ. म्हणाले, "पोरी, एसी लाव गो जरा. अर्धा तास."

बाळकुमच्या या इमारतीत आम्ही भाड्याने येऊन चारच दिवस झाले होते. मी चाचरत म्हटलं, "आमच्याकडे एसी नाही."

"नाय?" त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "मंग उपेग काय तुमचा?" आणि शेजारची बेल दाबली.

"हिराजीबाबा, थंडी वाजतेय हो!" शेजारच्या काकू आतूनच ओरडल्या.

"मंग गोधरी घे. पन एसी लाव."

आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माहीत नसलं की विचारायला लाजते. म्हणून विचारलं नाही, खाली जाऊन पाहिलं. इमारतीच्या मागे, सावलीत, बादल्यांची रांग होती. प्रत्येक घराच्या एसीची नळी एकेका बादलीत सोडलेली आणि बादलीवर रंगाने त्या घराचा नंबर. आत अरम लिली. पानं अळूसारखी, फूल मात्र पांढरं, भेळवाल्याने कोऱ्या कागदाची पुडी वळावी तसं.

"याला पाय ओले लागतात," मागून आवाज आला. हिराजीबाबा याच इमारतीत राहत; त्यांचा सगळा जन्म मिठागरात आणि शेतात गेला होता. "पन्नास वरसं पान्यातून मीठ कारलं. आता हे एसीचं पानी चाखून बग. मिठाचा कन नाय!"

मी चाखलं नाही. त्यांनी चाखलं, डोळे मिटून.

माणसांची पारख ते एसीवर करत. "दोनशेदोन लय चांगली मानसं. भांडन झालं की दोगं दोन खोल्यांत एसी लावून निजतात." चारशेएक मात्र त्यांच्या मते कंजूष, आठवड्याला तांब्याभर. आणि एकशेतीनच्या काकूंनी या पानांच्या वड्या होतील का, असं एकदा सहज विचारलं, तेव्हापासून त्यांच्या बादलीवर जाळी होती.

मग सोसायटीची नोटीस लागली. डासांमुळे पाणी साठलेल्या सगळ्या बादल्या रविवारपर्यंत हलवाव्यात.

"गप्पी मासे सोरलेत मी!" हिराजीबाबा सेक्रेटरींवर तडकले.

"नियम सगळ्यांना सारखा, बाबा."

"हितं माजं शेत व्हतं तवा डास नव्हते. तुमी आलाव, तवा आले."

पण रविवारी ते गोणपाट अंथरून मागे बसले होते. एकेक बादली उलटी करून कंद बाहेर काढत, प्रत्येक तुकड्याला डोळा राहील असा कापत, कापल्या जागी राख लावत. मग वर्तमानपत्रात गुंडाळून घरोघर वाटायला निघाले. "खाली भोक असलेल्या कुंडीत लाव. वरून एसीची नली सोर. सुकलं तर बग!" वड्यांवाल्या काकूंनाही मिळाला, फक्त सोबत दमही मिळाला.

संध्याकाळी मागे एकच बादली उरली होती. तीनशेचार. तिचा कंद कापलेला नव्हता. तिला तीन फुलं होती.

तीनशेचार हे त्यांच्या मुलाचं घर. तो भांडून पुण्याला गेला, त्याला चार वर्षं झाली; तेव्हापासून कुलूप आहे, एवढं मला शेजारच्या काकूंकडून कळलं होतं. मी वर पाहिलं. नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं. खाली बादलीशेजारी एक तांब्या.

"म्हाबलेश्वरवरून पोरानं आनलेला गड्डा," हिराजीबाबा म्हणाले. "बाकी समदी याचीच पिल्लं."

त्यांनी बादलीच्या तळाला भोक पाडलं, ती उचलली आणि आमच्या दारात आणून ठेवली.

"तुमच्या घरी ठेवा ना," मी म्हटलं.

"माज्या घरात दिवसभर ऊन. मीठ व्हईल, फूल नाय."

"पण आमच्याकडे एसी नाही."

"म्हनून तर! एसीवाले नली सोरून इसरतात. याला हातानं घालावं लागतं."

तेव्हापासून रोज सकाळी बेल वाजते. "घातलंस का पानी?" मग आत येऊन ते मातीत बोट खुपसून खात्री करतात.

परवा चौथं फूल उमललं. "फोटो कार," म्हणाले. मी काढला आणि विचारलं, "कुणाला पाठवू?"

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ पाहिला.

"पाठवू नको. नुसता ठेव. पोरानं कवा इचारलंन, तर असूं दे."

आता बेल वाजली की मी आधी फोटोसाठी फोन घेते, मग दार उघडते.