विशाखाचं पाचवं गाणं

"गल्लीतलं एक माणूस जरी मधनं उठलं ना आप्पा, तर मी स्वतः पोरीला कंपनीच्या गाडीत बसवून येतो."

हे वाक्य वैजनाथराव बिडकीनला, पुतण्याच्या लग्नात, भर पंगतीत बोलून गेले. हातात बुंदीची मूठ होती आणि छाती शर्टाच्या बटणांना जड होत होती. समोर त्यांचे थोरले बंधू आप्पासाहेब बसले होते. आप्पासाहेबांनी घास खाली ठेवला, आजूबाजूच्या दहा-बारा पाहुण्यांकडे साक्षीदार म्हणून पाहिलं, आणि म्हणाले, "ठरलं."

ठरलं ते असं. वैजनाथरावांची मुलगी विशाखा हिनं नोकरी बाजूला ठेवून घरच्यांकडून एक वर्ष मागून घेतलं होतं, गाणी करायला. ते वर्ष मे महिन्यात संपत होतं. बिडकीनच्या बाजूला उभ्या राहिलेल्या एका नव्या कंपनीत आप्पासाहेबांनी तिच्यासाठी जागा बोलून ठेवली होती, एक जूनपासून. आप्पासाहेबांचं म्हणणं इतकंच होतं, की परक्यांचं सोडा, तुमच्या गल्लीतली माणसं तरी हिची गाणी बसून ऐकतात का ते दाखवा. पाचच्या पाच गाणी होईस्तोवर कुणी उठलं नाही, तर ते नोकरीचं नाव काढणार नव्हते.

आता वैजनाथरावांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी गायलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांना भजनात टाळ द्यायचे, तेसुद्धा जरा लांब बसवून. स्वतः वैजनाथराव वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि नटबोल्टांच्या आवाजापलीकडे त्यांचा संगीताशी संबंध नव्हता. म्हणूनच लेकीचा अभिमान त्यांना जरा जास्तच झाला होता. रोज कंपनीच्या बसमध्ये चढले, की ते शेजारी बसणाऱ्याच्या कानात विशाखाची गाणी घालायचे. पाऊण तासाचा रस्ता. सुटकेला जागा नाही.

"ही इंडी म्युझिक हाय," ते समजावून सांगायचे. "सिनेमाचं नाय, देवाचं नाय, लग्नाचं नाय."

"मग कशाचं हाय?" शेजारी विचारायचा.

"आपलं हाय."

यावर शेजारी डोळे मिटून घ्यायचा.

गाणी होतीही तशी. सगळी उन्हाळ्याची. पहिलं कूलरच्या घरघरीवर, दुसरं गच्चीवर झोपण्यावर, तिसरं मे महिन्यातल्या दुपारच्या रिकाम्या रस्त्यावर, चौथं हिमायतबागेतल्या आंब्यांवर. विशाखानं ती घरातल्याच मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून गायली होती. त्रेचाळीस डिग्रीत. प्रत्येक गाण्यानंतर ती खोलीतून अशी बाहेर यायची, की तिची आई अंबिकाबाई आधी ताक द्यायच्या आणि मग विचारायच्या, झालं का. पाचवं गाणं मात्र तिनं कुणालाच ऐकवलं नव्हतं. ते कार्यक्रमातच.

एवढंच वैजनाथरावांनी पाहिलं होतं, की गेले दोन महिने पाण्याच्या दिवशी पोरगी पहाटे उठते आणि नळाजवळ उकिडवी बसते. हातात काहीतरी छोटं यंत्र असतं. वैजनाथरावांना वाटलं, पाणी आलं की सांगायला बसत असेल. हेही त्यांनी बसमध्ये सांगितलं. कलाकार असूनही पोरगी किती जबाबदार!

पैजेची बातमी घरी कळली तेव्हा विशाखा गिटारच्या तारा बदलत होती.

"पप्पा, तुम्ही माझ्यावर पैज लावली?"

"तुझ्यावर कशाला? गल्लीवर लावली," वैजनाथराव म्हणाले. "तुझी तर खात्रीच हाय."

विशाखा पुन्हा तारांकडे वळली. पण एक जून तिलाही दिसत होता. तिनं तार इतकी कसली, की ती तुटली.

वैजनाथरावांनी मग कार्यक्रमाची तयारी कारखान्यात माल मोजावा तशी केली. सिडकोतली त्यांची गल्ली म्हणजे समोरासमोर चौदा रो-हाउस. तारीख फार विचार करून काढली. या भागात नळाला पाणी आठव्या दिवशी. त्या दिवशी कुणाच्या घरी मयत झाली तरी माणसं आधी हौद भरतात आणि मग रडतात. पाण्याचा दिवस होता मंगळवार, म्हणून कार्यक्रम रविवारी संध्याकाळी साडेसहाला. गल्लीतच मांडव आणि साठ खुर्च्या सांगितल्या. दोन उंच स्पीकर सांगितले. लिंबू सरबत जारच्या पाण्यात. आणि दारातच एक पाटी: मोबाइल बंद ठेवावेत. नुसती पाटी लावून ते थांबले नाहीत. प्रत्येकाच्या हातातला मोबाइल बंद झाल्याचं डोळ्यांनी पाहून मगच ते खुर्ची दाखवत होते.

आप्पासाहेब पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी समोरच्या घरातल्या सत्यभामाकाकू. गल्लीत कुणाकडे किती हंडे आहेत हे त्या न बघता सांगू शकत. पाणी येण्याआधी नळातून जी हवा सुटते, ती त्यांना भिंतीपलीकडून, झोपेत ऐकू येते अशी ख्याती होती.

पहिलं गाणं झालं. कुणी उठलं नाही. दुसरं झालं. आप्पासाहेबांनीच दोनदा चुळबुळ केली, पण त्यांना उठायची सोय नव्हती. तिसऱ्याला टाळ्या मनापासून पडल्या. आंब्यांच्या गाण्याला तर मागच्या रांगेतले दोघं मान डोलवायला लागले. वैजनाथराव खांबाला टेकून सगळ्यांच्या खुर्च्या मोजत होते. साठच्या साठ भरलेल्या. त्यांनी आप्पासाहेबांकडे असं पाहिलं, की धाकट्या भावानं थोरल्याकडे तसं पाहू नये.

"आता पाचवं," विशाखा म्हणाली. "हे आपल्या गल्लीचं गाणं आहे."

 आणि त्या दोन उंच स्पीकरांमधून आवाज आला. आधी फुस्स. मग खर्र. मग जरा थांबून, लांबून येणारं, ओळखीचं, आठ दिवस वाट पाहायला लावणारं गुडगुड.

सत्यभामाकाकूंची खुर्ची मागे पडल्याचा आवाज पहिला झाला. मग काय विचारता! साठ खुर्च्यांमधून माणसं अशी उठली, जशी कुणी खालून टाचणी टोचली. "आलं, आलं!" एवढंच ऐकू येत होतं. आज रविवार आहे, पाणी मंगळवारी आहे, हा विचार कुणाच्या मनात आला नाही. येऊन उपयोगही नव्हता, कारण पाणी या शहरात पंचांग बघून येत नाही. चौदा घरांची चौदा दारं उघडली. लाईनीला थेट मोटर लावायला मनाई आहे, त्यामुळे प्रत्येकाकडे मोटर आहे. त्या चौदा मोटरी एकदम सुरू झाल्या. पाइप ओढले गेले, हंडे आपटले, कुणी कुणाच्या पोराला बादली समजून उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

अर्ध्या मिनिटानं वैजनाथरावांच्या ध्यानात आलं, की आपण आपल्याच हौदाच्या झाकणावर उभे आहोत आणि आपल्या हातात पाइप आहे.

ते तसेच पाइप घेऊन बाहेर आले. मांडवात दोन माणसं उरली होती. एक विशाखा, गिटार छातीशी धरून. दुसरे आप्पासाहेब. त्यांच्या गावाकडे विहीर होती, त्यामुळे त्यांना त्या आवाजाचं काहीच वाटलं नव्हतं.

"समदी उठली," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "आन् समद्यांबरोबर तूबी पळाला, वैजनाथा."

वैजनाथरावांनी लेकीकडे पाहिलं. वर्षभर गाद्यांमध्ये घामेजलेली पोर डोळ्यांसमोर होती आणि तिला कंपनीच्या गाडीत बसवणारे आपणच, हेही दिसत होतं. त्यांनी पाइप पाठीमागे लपवला. पाच फुटांचा पाइप पाठीमागे लपत नाही.

विशाखानं माइक ओढला आणि रडवेल्या आवाजात सांगून टाकलं, की पाणी आलेलं नाही, ते गाणं आहे, आवाज तिनं आपल्याच नळावर टेप केला होता. एकेक मोटर बंद झाली. माणसं रिकामे हंडे घेऊन दारात आली. कुणी चिडलं, कुणी म्हणालं ही काय थट्टा झाली. सगळ्यांत शेवटी सत्यभामाकाकू आल्या. त्या रागावल्या, तर गल्ली रागावली असं समजायचं. त्या थेट विशाखासमोर गेल्या.

"वीस वर्सं झाली मी त्यो आवाज ऐकतेय," त्या म्हणाल्या. "मला कुणी फसवलं नाय आजवर. तू फसवलं. पुन्हा लाव."

आणि त्या आपली पडलेली खुर्ची उचलून तिच्यावर बसल्या. त्यांच्यामागून सगळी गल्ली बसली. आप्पासाहेबांनी हरकत घेतली, की पैज तर मोडली. पण काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि आप्पासाहेबांनी दुसरा डाव मंजूर केला.

या वेळी वैजनाथराव कसर ठेवणार नव्हते. त्यांनी घरोघर जाऊन मोटरींचे पाइप काढायला लावले, बटणं बंद आहेत ना ते पाहिलं आणि मग स्वतः माइकवर उभे राहिले. "आता काय बी आवाज येऊ द्या," ते म्हणाले, "कुणी उठायचं नाय. त्यो पाण्याचा नाय. त्यो विशाखाचा हाय."

गाणं पुन्हा सुरू झालं. फुस्स झालं, खर्र झालं, गुडगुड झालं. साठ माणसांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पण कुणी उठलं नाही. मग विशाखा गायला लागली.

"सात दिवस वाट तुझी, आठव्याला येशील का,
घागर भरशील अर्धी तरी, की नुसता आवाज देशील का."

गल्लीतल्या बायका आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. पहाटे तीनला उठून नळाशी बसलेली प्रत्येक बाई त्या गाण्यात होती. सत्यभामाकाकूंनी पदर डोळ्याला लावला. वैजनाथराव आप्पासाहेबांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. आणि गाण्याच्या मध्यावर तर कमालच झाली. तो गुडगुडता आवाज पुन्हा आला, आणि या वेळी नुसता स्पीकरमधून नाही, तर मागून, दोन्ही बाजूंनी, घराघरांतून आल्यासारखा!

"बघा, कसा घुमवलाय," वैजनाथराव आप्पासाहेबांच्या कानाशी लागले. आप्पासाहेबांनीही मान हलवली.

अंबिकाबाई अर्धवट उठल्या. "अहो, हा आपल्या नळाचा वाटतोय."

"बस," वैजनाथरावांनी त्यांना हात धरून खाली बसवलं. "गाणं हाय ते. शिकलेल्या पोरीचं काम हाय."

गाणं संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. मग आप्पासाहेब उठले. हरलेल्या माणसानं थोडक्यात बोलावं, पण त्यांना पंचायत समितीतल्या भाषणांची सवय. आपल्या घराण्यात कला कशी पहिल्यापासून होती, यावर ते वीस मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, "पोरी, नोकरीचं मी बघून घेतो. तू गात राहा." विशाखा वाकून पाया पडली. वैजनाथरावांच्या शर्टाचं एक बटण खरोखरच तुटून सरबताच्या ग्लासात पडलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल थांबली. पाणी सोडणारे कडुबा लाईनमन होते. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी.

"भरलं का समद्यांचं?" त्यांनी विचारलं. "मंगळवारी लाईनीचं काम हाय, म्हणून आजच सोडलं व्हतं. ग्रुपवर टाकलं की मी. लई वेळ दिलं, चांगलं पाऊण तास. आत्ताच बंद करून आलो."

 माणसांनी बंद मोबाइल खिशातून काढले. काढलेल्या पाइपांकडे पाहिलं. घराघरांतल्या तोट्यांखाली करंगळीएवढ्या धारेची ओल तेवढी उरली होती. मोटरीशिवाय या गल्लीत पाणी चढत नाही. मग साठ माणसांनी, मोबाइल बंद करायला लावणाऱ्या, पाइप काढायला लावणाऱ्या, माइकवरून हुकूम सोडणाऱ्या त्या एका माणसाकडे पाहिलं.

"पण एकबी उठलं नाय," आप्पासाहेब हळूच म्हणाले. ते एकटेच खूश होते. त्यांना रात्रीच बिडकीनला जायचं होतं.

पुढचे आठ दिवस गल्लीत वैजनाथरावांना कुणी चहा विचारला नाही. चहालाही पाणी लागतं. पण कंपनीच्या बसमध्ये त्यांची मान ताठ होती. ते रोज सांगायचे, की अख्ख्या शहरात असं गाणं दुसरं नाही. लोक टाळ्या देतात, हार देतात. आमच्या गल्लीनं पोरीच्या गाण्यासाठी आठ दिवसांचं पाणी जाऊ दिलं, बोला!

हे सगळं त्यांना जरा मोठ्यानं सांगावं लागायचं. घरात आंघोळीला पाणी नसल्यामुळे गुरुवारपासून त्यांच्या शेजारच्या सीटवर कुणी बसत नव्हतं.