फळ्यावरचे लग्न

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कासिमालींच्या एकुलत्या एका मुलीचे लग्न झाले. किर्गिझस्तानातल्या कोच्कोर गावच्या ग्रंथालयात, फळ्यावर, इंग्रजीत आणि खुद्द कासिमालींच्या हस्ताक्षरात.

चूक त्यांची नव्हती, असे त्यांचे म्हणणे आजही आहे. चौतीस वर्षे त्यांनी नदीच्या पातळीची नोंद ठेवली. तारीख, वेळ, सेंटिमीटर, सही. निवृत्तीनंतर घरात परदेशी पाहुणे उतरवायचे ठरले, तर गावच्या पर्यटन समितीने फतवा काढला की घरटी एकाने इंग्रजी शिकलेच पाहिजे. "रांधायचं मी बघते, बोलायचं तुम्ही बघा," म्हणून बायकोने, जीपारने, त्यांना वर्गात धाडले. साधा वर्तमानकाळ, साधा भूतकाळ त्यांनी बिनतक्रार गिळला. त्या मंगळवारी मात्र शिक्षिका मीरगुलने पूर्ण वर्तमानकाळ काढला. गोष्ट घडून गेलेली असते, तिचा परिणाम अजून समोर असतो, पण ती कधी घडली ते सांगायचे नाही.

"का नाही सांगायचं?" कासिमालींनी विचारले.

"वेळ सांगितली की काळ बदलतो, काका."

"वेळ नसलेली नोंद म्हणजे चहाडी. आमच्या खात्यात असल्या माणसाला घरी बसवला असता."

मीरगुल चोवीस वर्षांची होती आणि तिला असे अकरा काका सांभाळायचे होते. घरात घडलेल्या चांगल्या गोष्टीवर दोन वाक्ये लिहा, असे तिने सांगितले. घरात काहीही घडलेले नाही, असे कासिमालींनी बजावले. "मग मनानं लिहा," ती म्हणाली.

खडू घेऊन ते फळ्यापाशी गेले. कुंदुझ, एकतीस वर्षांची, बिश्केकमध्ये कवळ्या बनवायची. अकरा महिने ती घरी आली नव्हती. मागच्या खेपेला तिच्या तीन मावश्या तीन उपवर मुलांचे फोटो घेऊन जेवायला बसल्या आणि ती अर्धे सूप टाकून उठून गेली. आता येत्या शनिवारी ती यायची होती, पण एका अटीवर. लग्न हा शब्द निघाला, तर त्याच गाडीने परत. कासिमालींनी शब्द दिला होता. घरात त्यांनी तो पाळलाही होता. फळा काही घरात नव्हता.

"माझ्या मुलीने लग्न केले आहे," असे त्यांनी लिहिले. जावयाबद्दल एक वाक्य हवे होते. निम्म्या गावाचे जावई कोरियात मजुरीला होते. "तो कोरियाला गेला आहे," असेही त्यांनी लिहिले. मीरगुलने दोन्ही वाक्यांचा अर्थ किर्गीजमध्ये मोठ्याने सांगितला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

नेमकी त्याच वेळी शेजारची सोनुनबू नेहमीप्रमाणे उशिरा वर्गात शिरली. 'मनानं लिहा' तिने ऐकले नव्हते. तिने अर्थ ऐकला, अक्षर ओळखले आणि उंबऱ्यावरूनच माघारी वळली. चांगली बातमी सर्वात आधी आणणाऱ्याने दारातून "सुयुन्चू" अशी आरोळी द्यायची आणि घरच्याने हातातले काहीतरी लगेच त्याला द्यायचे, ही रीत. त्या वर्षी सोनुनबूचा सुयुन्चू तीनदा हुकला होता.

कासिमाली घरी पोचले तेव्हा कुंदुझसाठी आणलेला नवा रुमाल सोनुनबूच्या डोक्यावर होता. जीपार आनंदाने रडत होती आणि रागाने बोलत होती. "मला नाही सांगितलंत, फळ्याला सांगितलंत." तिने भावाला फोन करून आपला सुयुन्चू वसूलही केला होता. भावाने मेंढा कबूल केला होता आणि तिन्ही मावश्यांना कळवले होते.

"अगं, ते सरावाचं वाक्य होतं," कासिमाली म्हणाले.

"खोटं तुम्ही लिहाल का, काका?" सोनुनबू म्हणाली. "पूर आला तेव्हा अख्खा गाव दोन मीटर म्हणत होता. तुम्ही एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटरला अडून बसलात."

कासिमालींनी रुमाल परत मागितला, तेव्हा ती खरोखर दुखावली. "सुयुन्चू कुणी परत घेतं का? आणि मी दुआ दिलीय, आमीन म्हणून झालंय. त्यात दोन नातवंडंपण आहेत. ती कुठं ठेवू?"

बुधवारी त्यांनी मीरगुलला साक्षीला आणले. जीपारने तिला मानाच्या जागी बसवले, चहा ओतला आणि बातमी मुळात हिच्याच तोंडून निघाली म्हणून लोकरीचे मोजे तिच्या हातात कोंबले. मीरगुलने खुलासा केला. 'बोलू नको म्हणून कासिमालीनं दटावलंय मीरगुलला,' असा त्याचा अर्थ निघाला.

गुरुवारी मेहुणा मेंढा घेऊन आला. कासिमाली चिडून ग्रंथालयावर गेले आणि असे कोणतेही लग्न झालेले नाही, अशी नोटीस तारीख, वेळ, सहीनिशी दाराला चिकटवून आले. गावाने ती वाचली. सासऱ्याला जावई पसंत नाही, हे उघड झाले. संध्याकाळी दोन पांढऱ्या दाढीवाले समजूत घालायला आले. "पोरगा परक्या मुलखात राबतोय, कासिमाली. मन मोठं कर."

तीन दिवस त्यांनी कुंदुझला फोन केला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तिचाच आला.

"बाबा, माझं लग्न झालंय म्हणे."

कासिमालींनी समितीपासून सुरुवात केली. मग मीरगुल, मग सोनुनबू, मग एकूण इंग्रज. ती ऐकत राहिली. उद्या सगळ्यांसमोर उभा राहून खुलासा करतो, पण तू ये, असे म्हणून ते थांबले.

"मंगळवारपासून एकाही मावशीनं फोटो पाठवलेला नाही," कुंदुझ म्हणाली. "आईला मी आल्यावर सांगेन. तुम्ही खुलासा करू नका. तो कुठं असतो?"

"कोण?"

"माझा नवरा."

"कोरियात."

"येणार कधी?"

"तारीख सांगता येत नाही. तो काळच तसला आहे."

पलीकडून हसू ऐकू आले. अकरा महिन्यांत त्यांनी ते ऐकले नव्हते. "चांगला माणूस आहे, बाबा," ती म्हणाली. "राहू द्या तिकडेच."

शनिवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी कुंदुझ गाडीतून उतरली. अंगणात चाळीस माणसे होती, पुढे सोनुनबू, डोक्यावर नवा रुमाल. दाढीवाल्यांतल्या थोरल्याने सर्वांदेखत विचारले, "काय कासिमाली, जावई कुठाय?"

चौतीस वर्षांत एक सेंटिमीटरही खोटा न लिहिलेल्या माणसाने मुलीकडे पाहिले. ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी होती. गाडीही अजून फाटकात उभी होती.

"कोरियाला गेला आहे," कासिमाली म्हणाले.

कुंदुझने पिशवी खाली ठेवली. तिने जीपारला काय सांगितले, ते अद्याप समजलेले नाही. नोटीस रविवारी पहाटे कोणीतरी काढून नेली. जावई परतल्याचे वृत्त नाही.