राखोलीकडची खिडकी

पृथ्वीच्या तापमानाची मनापासून काळजी करणारी माणसं ऐंशीच्या दशकात जगात मोजकीच होती, आणि त्यांतले एक सिल्वासात, टोकरखाड्याच्या कॉलनीत, आमच्या डोक्यावर राहत होते. या काळजीचा आम्हाला दिसणारा पुरावा एवढाच, की डॉ. पिंगुळकर मे महिन्यात लोकरीचा ओव्हरकोट घालून गच्चीवर बसत.

"तिकडच्या थंडीचा सराव," कपाळावरचा घाम पुसत ते सांगत.

'तिकडे' म्हणजे नेमकं कुठे, हे दर वर्षी बदले. डॉक्टर बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत. चिमणीतून निघालेला धूर वाऱ्यावर कुठे कुठे जातो, यावर त्यांनी पीएच.डी. केली होती आणि आता परदेशी विद्यापीठात हवामानावर पोस्टडॉक करायची होती. अर्ज जायचा, बऱ्याच महिन्यांनी नकार यायचा, आणि मधला काळ डॉक्टर त्या त्या गावात राहून घ्यायचे. संध्याकाळी दमणगंगेवरून वारा सुटला की डोळे मिटून म्हणायचे, "आता तळं गोठलं असेल. प्राध्यापक काठाकाठाने प्रयोगशाळेत निघालेत. मीही आहे बरोबर. अर्धं पाऊल मागे."

स्वप्नातसुद्धा सेवाज्येष्ठता पाळणारा हा एकच माणूस मी पाहिला. मी स्वतः प्रशासनात असल्याने मला त्याचं कौतुक वाटे.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्कांना जुना दमा. श्वास पुरत नसे, शब्द मात्र पुरत.

"डॉक्टर झालास ना? आता आणखी काय व्हायचं राहिलंय?"

"आक्का, पोस्टडॉक."

"म्हणजे पुन्हा शिकायचं?"

"शिकून झाल्यावर जे शिकतात ते."

"म्हणजे पहिलं नीट झालं नाही."

गच्चीवर डॉक्टरांनी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा बसवला होता. राखोलीला एक नवा कारखाना सुरू झाला होता, आणि कोंबड्याने तिकडे तोंड केलं की अर्ध्या तासात कॉलनीतल्या वाळत घातलेल्या सगळ्या वस्तूंवर काळी भुकटी बसे. ही गोष्ट आधी बायकांच्या ध्यानात आली. शेजारच्या शांताबेन वाळवणाची परात घेऊन खालून हाक मारत, "डॉक्टरसाहेब, आजे पापड नाखूं के नहीं?"

"बेन, हे संशोधन आहे."

"हा, पण नाखूं?"

डॉक्टर दुखावलेल्या चेहऱ्याने कोंबड्याकडे बघत. "नाखो." मग माझ्याकडे वळून, "विज्ञान वेगळं, धोरण वेगळं."

पर्यावरणविषयक धोरणाची इतकी तातडीची अंमलबजावणी मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नाही.

नव्वदीनंतरच्या एका पावसाळ्यात होकार आला. दोन वर्षांची शिष्यवृत्ती. विषय हवामान आणि पर्यावरण-धोरण. कॉलनीने सत्कार ठरवला. डॉक्टर ओव्हरकोट घालून आले, त्यामुळे शाल कोटावरून पांघरावी लागली. "आज सिल्वासाचा धूर जगाच्या नकाशावर गेला!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या झाल्या. आक्का पुढच्या खुर्चीत बसून नारळ हलवून बघत होत्या, पाणी आहे की नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला वर बोलावलं.

"आक्काच्या खोलीला दोन खिडक्या. एक नदीकडची, एक राखोलीकडची. कोंबडा राखोलीकडे बघायला लागला की ती लावायची, नदीकडची उघडायची. फिरला की उलट. दोन्ही लावल्या तर ती गुदमरते."

"रोज?"

"वारा सुटी घेत नाही."

मधल्या सुट्टीत डॉक्टर सायकल हाणत घरी का येतात, हे मला तेव्हा कळलं. आम्ही समजत होतो चहासाठी. मी कोंबडा शिकलो. व्हिसासाठी डॉक्टर दोन दिवस मुंबईला गेले, ती माझी परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कोंबडा फिरला. मी वर जाऊन राखोलीकडची खिडकी लावली, नदीकडची उघडली आणि समाधानाने खाली आलो.

संध्याकाळी डॉक्टर व्हिसा घेऊन परतले, तर राखोलीकडची खिडकी सताड उघडी, आणि आक्का पलंगावर बसून एकेक श्वास ओढून आणत होत्या. डॉक्टरांनी मला हाक मारली. खिडकी लावून, औषध देऊन झालं, श्वास जरा जागेवर आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणी उघडली?"

"मी. फाटक हिच्यातूनच दिसतं. तू आलास का बघत होते."

"संध्याकाळी येईन म्हणून सांगून गेलो होतो ना?"

"सांगितलं होतंस. दुपारपासून बघितलं तर काय बिघडलं?"

"दोन वर्षं अशीच बघत बसशील?"

"मग काय करू?"

डॉक्टर खिडकीपाशी जाऊन लावलेली कडी पुन्हा तपासू लागले. काचेबाहेर धूर उतरत होता, हळू, एखाद्या गोठलेल्या तळ्यावर उतरावा तसा.

ते गेले नाहीत. कॉलनीला त्यांनी कारण दिलं, "तिकडच्या वाऱ्यात वैविध्य नाही." शाल परत मागावी का, यावर कमिटीत चर्चा झाली, निर्णय झाला नाही. दमेकऱ्याला उशी उंच लागते, म्हणून ओव्हरकोट घडी घालून आक्कांच्या उशाखाली गेला.

पुढे काही वर्षांनी आक्का गेल्या. महिनाभराने मी म्हटलं, "डॉक्टर, आता अर्ज करा पुन्हा."

"पीएच.डी. शिळी झाली. तिकडे ताजी लागते," ते म्हणाले. मग घड्याळात बघून उठले, गच्चीत डोकावले आणि आक्कांच्या रिकाम्या खोलीत जाऊन राखोलीकडची खिडकी लावली, नदीकडची उघडली. मधल्या सुट्टीत ते अजूनही सायकलवरून घरी येत.

राखोलीचा तो कारखाना तेव्हा बंद पडून वर्ष होऊन गेलं होतं.