श्यामसुंदर प्रधानांचं सीलबंद घर

मुलुंडमध्ये घर बंद करून जावं तर श्यामसुंदर प्रधानांनीच! निदान प्रधानांचं तरी असं ठाम मत होतं. थंडीचे दोन महिने लेकीकडे इंदूरला जायचं म्हणून त्यांनी आठवडाभर तयारी केली. सोफ्यावर जुन्या चादरी, बाल्कनीला कबुतरांची जाळी, फ्रिज रिकामा. शेवटी बाथरूममधला पाण्याचा कॉक त्यांनी पान्याने असा आवळला, की जणू त्याचं आणि त्यांचं जुनं वैर होतं!

इतक्यात सोसायटीचा सेक्रेटरी मुकुल दारात आला. "काका, एक चावी ठेवून जा ना. नियम आहे."

"नियम निष्काळजी लोकांसाठी! माझ्या घरातून थेंब जरी गळला तर नाव बदलीन."

"आणि गळलाच तर?"

"तर खुशाल कुलूप तोड!"

एवढं ऐकवून प्रधान बायकोसह स्टेशनवर गेले. तिकीट वेटिंग दोनवर होतं. "दोन म्हणजे झालंच समज," असं ते क्षमाताईंना चार दिवस सांगत होते. चार्ट लागला. दोन नंबर दोनवरच, ध्रुवासारखा अढळ! पुढचं तिकीट मिळालं ते पाच दिवसांनंतरचं.

"चला घरी," क्षमाताई म्हणाल्या.

"घरी? अख्ख्या बिल्डिंगला टाटा करून आलोय! लोक हसतील."

"मग काय, फलाटावर संसार मांडू?"

भर दुपारी, वॉचमन दशरथ पेंगत असताना, दोघं चोरपावलांनी स्वतःच्याच घरात शिरली. टीव्ही नाही, दिवे नाहीत, बोलायचं ते कुजबुजत. दोन्ही वेळेला प्रवासासाठी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. दुसऱ्या दिवशी क्षमाताईंनी बंड केलं. "मी अंघोळ करणार. ऐकू देत कोणाला ऐकायचंय ते!"

प्रधानांनी पाना लावला. कॉक उघडला, पण आवळून आवळून त्याचा आटाच गेला होता. आता तो बंद होईना! क्षमाताईंनी वरून फडकं बांधलं. पाण्याने मुकाट्याने भिंतीतली वाट धरली.

सकाळी मुकुलचा फोन. "पोचलात ना काका इंदूरला? खाली अनुपमाताईंचं छत गळतंय. तुमच्याच बाथरूममधून."

"अशक्य!" बेडरूमचं दार लावून प्रधान कुजबुजले.

"आवाज का बसलाय?"

"थंडी रे! दात वाजतायत इथे," म्हणत त्यांनी घाम पुसला.

"मी तुमच्या दारातच आहे. कुलूपवाला आणलाय. तुम्हीच म्हणालात ना, खुशाल तोड?"

पहिला हातोडा पडला. तो प्रधानांना एकदा फोनमधून आणि एकदा दारातून, असा दोनदा ऐकू आला. सागवानी दार! दिवाळीलाच पॉलिश केलेलं!

"उघडा की हो," क्षमाताई म्हणाल्या. "अब्रू गेली तर जाऊ दे, दार तरी वाचेल."

प्रधान ताठ झाले. "मुकुल, खबरदार हात लावलास तर! मी स्वतः येतोय."

"कुठून, इंदूरहून?"

"हो, इंदूरहून!"

"अहो, बारा तास लागतील! तोवर अनुपमाताई पोहायला शिकतील."

"पाच मिनिटं थांब!"

फोन ठेवून त्यांनी माकडटोपी चढवली, मफलर गुंडाळला, बॅग उचलली आणि आतून दार उघडलं. बाहेर मुकुल, कुलूपवाला, अनुपमाताई.

"बघताय काय असे?" प्रधान गरजले. "रस्ता मोकळा मिळाला!"