सटवाचा मेंढा आणि डाव्या दाराचा पोचा

रविवारी सकाळी अर्जुनराव गाडी धूत होते. पांढरी मारुती, पंचवीस वर्षांची. कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यापासून आठवड्याचं एवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं आणि ते दोन तास पुरवत. टप, बॉनेट, काचा असं करत शेवटी ते मागच्या डाव्या दारापाशी येत. तिथे परातीएवढा, लांबट पोचा होता. दुखऱ्या गुडघ्याला तेल लावावं तसा तो पोचा ते वेगळ्या फडक्याने, हलक्या हाताने पुसत. आणि पुसता पुसता शेजारच्या सटवाचा उद्धार करत.

"तीन पिढ्या मेंढरं राखतंय म्हणे. एक मेंढा राखता येत न्हाई."

त्यांची मुलगी रोहिणी पायरीवर चहा घेत होती. बीडला कॉलेजच्या ग्रंथालयात तिची नोकरी. शनिवारी ती घरी, कडा गावाला येई, रविवारी संध्याकाळी परत जाई. हे बोलणं ती पाच महिने, दर रविवारी ऐकत होती. आणि पाच महिने तिला ठाऊक होतं की पोचा मेंढ्याने पाडलेला नाही. तिने पाडला होता.

झालं असं होतं की दिवाळीच्या आधी ती डेअरीवर गेली, गाडी मागे घेतली आणि तिथल्या निळ्या खांबाला दार टेकवलं. टेकवलं हा तिचा शब्द. आवाज बराच मोठा झाला होता. घरी येऊन गाडी भिंतीकडेला लावली. आप्पांना कसं सांगावं याचा विचार करत ती आत पाणी प्यायला गेली आणि बाहेर आली तेव्हा खटल्याचा निकाल लागलेला होता. शेजारच्या सटवाचा मेंढा त्याच दाराला शिंग घासत उभा होता आणि आप्पा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होते. तिला काही सांगायची गरजच पडली नाही.

सांगणं तसं अवघड नव्हतं. आप्पा ओरडले नसते. पण तिला गाडी त्यांनीच शिकवली होती, आणि गाडी मागे घ्यावी तर आमच्या रोहिणीने, हे ते पाराच्या कट्ट्यापासून कारखान्याच्या गेटापर्यंत सगळ्यांना सांगत आले होते. त्या कौतुकात खांबाला जागा नव्हती. इकडे सटवाशी तीस वर्षांची उठबस त्यांनी त्या दिवशी तोडली. सटवाने मेंढा शिक्षा म्हणून उमापूरला जावयाकडे धाडला, तरी अर्जुनराव बोलले नाहीत.

"हे सटवाच्या कानापातुर गेलं पायजे," असं म्हणून त्यांनी फडकं पिळलं आणि तिच्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

"बघू ना आप्पा," ती म्हणाली. पुढच्या रविवारी सांगायचं, असं तिने चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर ठरवलं.

सोमवारी सकाळी बीडला तिच्या चुलत्याचा, तात्याबाचा, फोन आला. अर्जुनराव चहा घेऊन ओट्यावर बसले होते, ते पुन्हा उठलेच नाहीत.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. रोहिणीने गाडीतून गुरुजींना आणि विधीचं साहित्य नेलं. तात्याबाने पिंड ठेवले, सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघू लागले. कावळे होते. बाभळीवर सात-आठ बसले होते. एकही खाली येईना.

तात्याबाने हात जोडले. वहिनीला जपू, म्हणाला. कावळे बसून राहिले. रोहिणीला काही कमी पडू देणार नाही, म्हणाला. एक कावळा उडाला. तो सरळ जाऊन मारुतीच्या टपावर बसला. माणसांमध्ये कुजबुज झाली. दादांचा जीव गाडीत, हे तात्याबाला एकदम पटलं.

"दादा, गाडीचा पोचा काढू."

कावळ्याने मान वाकडी केली, पण टप सोडला नाही.

"सटवाच्या हातानं काढून घेऊ," तात्याबा म्हणाला आणि मागे वळून बघितलं. सटवा सगळ्यांच्या मागे, काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. तो आला होता, पण पुढे यायला त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

रोहिणीच्या घशाशी वाक्य आलं होतं. कावळा कशासाठी थांबलाय हे या नदीवर फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, अशी तिची खात्री पटली. तिने एक पाऊल टाकलं, तोंड उघडलं. पण सटवा तिच्या आधी बोलला.

"अर्जुनराव, मी सवता पोचा काढून आनतो. अन् तेराव्याला मेंढ्याला तुमच्या गाडीम्होरं उभा करतो, माफी मागायला. आता तरी बोला माझ्यासंग."

कावळा उडाला आणि पिंडाला शिवला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रोहिणीने तोंड मिटलं.

आता अडचण अशी झाली की कावळा नेमका कोणत्या शब्दाला शिवला हे कळायला मार्ग नव्हता. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, दिलेली सगळीच वचनं पाळावीत, म्हणजे शंका राहत नाही. त्यामुळे पोचा निघणं, तो सटवाने काढून आणणं आणि मेंढ्याने माफी मागणं, तिन्ही तेराव्याच्या आत ठरलं. मधे दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी रोहिणी आणि सटवा गाडी घेऊन जीवनच्या गॅरेजला गेले. वाटेत तिने दोनदा बोलायला सुरुवात केली. दोन्ही वेळा सटवा आप्पांबद्दलच बोलत राहिला: रोज संध्याकाळी ओट्यावर दोघं कसे बसायचे, बोलायचं काही नसलं तरी कसे बसायचे. पाच महिने तो त्याच वेळेला आपल्या दारात बसत होता, म्हणाला, उगं सवयीनं. तिने दोन्ही वेळा गियर बदलला.

जीवन पत्रा ठोकण्यात तालुक्यात नावाजलेला. त्याने दाराचं आतलं कव्हर काढलं, मागून हात घातला आणि बाहेरून पोच्यावर बोट फिरवलं. बोट थांबलं.

"काका, ह्याच्यात निळा रंग हाय," तो म्हणाला. "मेंढा निळा व्हता का?"

रोहिणीचा जीव भांड्यात पडला. हातोडीवाल्या माणसाने आपलं काम केलं होतं. आता तिने फक्त हो म्हणायचं होतं. पण सटवा विचारात पडला होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत होता.

"कपाळावर निळा पट्टा हाय की त्याच्या. खुनंचा. आमच्या सगळ्याच मेंढरांला निळाच रंग लावतो आमी."

"मंग बसलं जुळून," जीवन म्हणाला. "पन लई उंच मारलाय."

"उडी घेऊन मारतंय ते," सटवा म्हणाला. त्या आवाजात पश्चात्ताप होता, पण अगदी निव्वळ पश्चात्ताप नव्हता.

असा मेंढ्यावरचा गुन्हा पुराव्यानिशी शाबीत झाला. जीवनने मागून लोखंडी ठोकळा धरला, पुढून हातोडीने टक् टक् करत पत्रा सरळ केला, खड्ड्यात पुट्टी भरली, घासली, रंग मारला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार तयार झालं. अर्जुनरावांच्या गाडीचं म्हणून त्याने त्याला एवढं पॉलिश केलं की बाकीची गाडी त्याच्यापुढे जुनी दिसू लागली. जीवनने रोहिणीला त्यात बघायला सांगितलं. तिला स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसला आणि तिने दुसरीकडे बघितलं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर सटवा मेंढा घेऊन आला. उमापूरहून टेम्पोत बसून आलेला तो मेंढा चांगलाच पोसलेला होता. जावयाने शिक्षा मनावर घेतलेली दिसत नव्हती. अंगणात बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. रोहिणीची आई, बायनाबाई, उंबऱ्यात बसली होती. सटवाने मेंढ्याचं शिंग धरून त्याला गाडीच्या चकचकीत दारासमोर उभं केलं.

"वाक बे," तो म्हणाला. "म्हन, चुकलं."

मेंढ्याने मान वर केली. समोर दारात एक मेंढा उभा होता. कपाळावर निळा पट्टा, तसाच धिप्पाड, आणि डोळ्याला डोळा लावून बघत होता. मेंढा चार पावलं मागे सरला. सगळ्यांना वाटलं, तो आदराने मागे सरला. त्या चार पावलांचा खरा अर्थ त्या अंगणात एकट्या सटवाला माहीत होता आणि तो ओरडेपर्यंत फार उशीर झाला होता.

आवाज मोठं पातेलं ओट्यावरून पडावं तसा आला.

मग तात्याबा उकिडवा बसला आणि नवा पोचा वीत लावून मोजू लागला. मोजताना त्याच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"ह्यो गुडघ्याला हाय," तो म्हणाला. "अन् वाटीसारका गोल. त्यो कमरेला व्हता. लांबट व्हता."

"मंग त्यो कुनी पाडला?" उंबऱ्यातून बायनाबाईने विचारलं.

उत्तराची कुणाला घाई नव्हती, सटवाला तर मुळीच नव्हती. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि घराच्या दिशेने हात जोडले. पुन्हा नव्याने चुकलं म्हणायला तो वाकू लागला. रोहिणीला एवढं बघवलं नाही. ती पुढे झाली आणि तिने त्याचे जोडलेले हात सोडवले.

"सटवाकाका, हात नका जोडू. पहिला पोचा मी पाडलाय. डेअरीच्या खांबावर."

सटवाने काठी पुन्हा हातात घेतली.

"कावून बोलली न्हाईस?"

"भ्याले," ती म्हणाली. "आप्पांना नाही. ते सगळ्यांना जे सांगत होते, त्याला."

सटवाने मान हलवली. कितीतरी वेळ हलवली. मग तो मेंढ्यापाशी जाऊन बसला आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवला.

"आत्ता निर्दोष सुटला आसतास, बे. येवढा दम निघाला न्हाई व्हय तुला?"

उंबऱ्यात बायनाबाईच्या तोंडून हसू फुटलं. तिने ते पदराने दाबलं, ते दाबलं गेलं नाही. मग तात्याबा हसला. मेंढा शिंग झाडत दारातल्या मेंढ्याला शोधत होता. तो आता तिरका आणि बुटका झाला होता. रोहिणी हसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तेरा दिवसांत आज पहिल्यांदा श्वास खालपर्यंत जातोय.

तिने गाडीचं पुढचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटकडे बघत, अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आप्पा, मला गाडी मागे घेता येत नाही. कधीच येत नव्हती."